ओळखीची चिठ्ठी

पौष वद्य सप्तमी जवळ आली की बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाकडे ट्रॅक्टर, जीपगाड्या आणि एसट्यांची रीघ लागते. तीन दिवसांचा विवेकानंद जन्मोत्सव. शेवटच्या दिवशी उघड्या रानात पंगती बसतात आणि त्या हजारांच्या नव्हेत, लाखांच्या. बेत ठरलेला: पुरी आणि वांग्याची भाजी. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टर पंगतींच्या मधून हळूहळू ओढत नेतो, स्वयंसेवक दोन्ही अंगांना वाढत जातात. आश्रम उभारणाऱ्या शुकदास महाराजांनी घालून दिलेली ही रीत. महाराज 2017 साली गेले. पंगत अजून बसते.

त्या पंगतीच्या कडेला उभा राहिलो की मला हटकून शिकागोची एक सकाळ आठवते. 1893 चा सप्टेंबर. तिशीतला एक संन्यासी रेल्वे यार्डातल्या रिकाम्या मालडब्यात रात्र काढून बाहेर पडला आहे. सर्वधर्म परिषदेच्या कार्यालयाचा पत्ता जवळ होता, तो हरवला. पोटात काही नाही. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तो दारोदार भिक्षा मागतो आणि मळलेले कपडे पाहून लोक दारे लावून घेतात. थकून तो रस्त्याच्या कडेला बसला, तेव्हा समोरच्या घरातल्या श्रीमती हेल बाहेर आल्या, त्यांनी चौकशी केली, घरात नेले, जेवू घातले आणि परिषदेच्या कचेरीत पोचवले. ज्याच्या नावाने आज लाखो माणसे एका रानात जेवतात, त्याला त्या सकाळी एका तुकड्यासाठी दहा दारे झिजवावी लागली होती.

कीर्तनात ही गोष्ट दैवी योजना म्हणून सांगतात. सांगोत. मला तिच्यात पाठवणाऱ्यांचा भाबडेपणाही दिसतो. विवेकानंद 31 मे 1893 ला मुंबईहून बोटीत बसले आणि जपानमार्गे जुलैअखेर शिकागोत पोचले. तिथे कळले की परिषद 11 सप्टेंबरला आहे. शिवाय अधिकृत संस्थेच्या पत्राशिवाय प्रतिनिधी होता येत नाही आणि नावे नोंदवायची मुदतही टळली आहे. मद्रासच्या शिष्यांनी वर्गणी गोळा केली होती, खेतडीच्या राजांनी मदत केली होती, पण परिषद कधी, पत्र कोणाचे लागते, थंडीत अंगावर काय घालायचे, हे एकानेही टपालाने विचारून घेतले नव्हते. पॅसिफिक ओलांडतानाच ते कुडकुडले होते. शिकागो महाग पडले म्हणून ते बॉस्टनकडे निघाले, गाडीत केट सॅनबॉर्न नावाच्या बाईंची ओळख झाली, त्यांच्यामुळे हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट भेटले आणि राइटसाहेबांनी परिषदेला चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन ते परत शिकागोला आले आणि पत्ता हरवून बसले.

बाहेरदेशी जाणाऱ्या आपल्या माणसांचा इतिहास मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तो मला अशा चिठ्ठ्यांचाच इतिहास वाटतो. ज्याला लिहून देणारा भेटला तो तरला. ज्याला भेटला नाही त्याचे नाव इतिहासात नाही. तेवढ्यावरून आपण समजतो की सगळेच तरले.

आनंदीबाई जोशींचे उदाहरण विवेकानंदांच्या अगदी उलट म्हणून घ्यावे. तिथे तयारी होती, आणि अशी की आजच्या कुठल्याही सल्लागार कचेरीने लाजावे. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातले कारकून. पत्रांचे महत्त्व त्यांच्याइतके कोणाला कळणार? कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना बायकोच्या शिक्षणासाठी साकडे घातले. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी तो दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला आणि एका अनोळखी मराठी मुलीला पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. तिथले घर कसे असते, खायला काय मिळते, लोक कसे बोलतात, हे आनंदीबाईंना बोट सुटण्याआधी ठाऊक होते. फेब्रुवारी 1883 मध्ये त्यांनी सेरामपूरच्या कॉलेजात जाहीर सभेत आपण का जातो आहोत ते इंग्रजीत सांगितले. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, 4 जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई घ्यायला उभ्या होत्या. भाषा आलेली, उतरायला घर ठरलेले, धक्क्यावर माणूस हजर. डॉक्टरकीची पदवी मिळाली 11 मार्च 1886 ला. त्याच वर्षी कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नेमणूकही ठरली, म्हणजे परतीच्या नोकरीचीसुद्धा सोय झालेली.

राहिले काय? शिकत असतानाची फिलाडेल्फियातली खोली. तिथली शेगडी धुरायची. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा. अंगावर आपला लुगड्याचा पेहराव, पोटात आपल्या पद्धतीचे जेमतेम शाकाहारी अन्न. त्या परतल्या त्या आजार घेऊनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना राहिला होता. क्षयाला त्या काळी औषध नव्हते, तेव्हा नुसत्या शेगडीला दोष देण्यात अर्थ नाही. पण तीन वर्षांच्या पत्रांत जी एक गोष्ट आली नसेल किंवा आली तरी उमगली नसेल, ती हीच: शून्याखालची थंडी कागदावर कळत नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली, न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला ती आजही आहे.

ही झाली शिकल्यासवरल्यांची गोष्ट. त्याच शतकात आपल्याकडची कितीतरी जास्त माणसे अंगठा उठवून गेली. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये जाऊ लागले. बंगाल-बिहारबरोबर मुंबई बंदरातूनही गेले, त्यांत कोकणातली मराठी मंडळी होती. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते ती त्यांच्या वंशजांमुळे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या चढून ती माणसे बेटावर उतरली. करार पाच वर्षांचा, त्याच ‘ॲग्रीमेंट’चे गिरमिट झाले. इंग्रज सरकारने बंदरावर एक अधिकारी नेमला, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. करार तुला समजला का, तू राजीखुशीने जातोस का, हे त्याने प्रत्येकाला विचारायचे. बहुतेकांनी काय उत्तर दिले असेल ते सांगायला नको. 1917 मध्ये ही भरती बंद झाली, पण तो हुद्दा गेला नाही. 1922 च्या कायद्यात राहिला, 1983 च्या उत्प्रवास कायद्यातही राहिला. आज मुंबईतल्या त्या कचेरीच्या पाटीवर नाव तेच आहे.

आणि कायद्याची नजरही पुष्कळशी तीच आहे, असे माझे म्हणणे आहे. 1983 च्या कायद्याखाली पासपोर्टांचे दोन वर्ग पडले. दहावी न झालेल्याला आखाती आणि इतर मिळून 18 देशांत नोकरीला जायचे तर सरकारी मंजुरी लागते. दहावी पास झालेल्याला नाही. 2018 पासून परराष्ट्र मंत्रालयाने निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे प्रशिक्षण सुरू केले, फुकट आहे, चांगलेही आहे: करार कसा वाचावा, पासपोर्ट मालकाच्या हाती का देऊ नये, वकिलातीचा फोन कुठला, विमा काय देतो. प्रवासी भारतीय बीमा योजनेत 10 लाखांचे संरक्षण आहे आणि दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. एजंटाने सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता कामा नये असा नियम आहे. हे सगळे त्या दिवशी सांगतात. पण कोणाला? मुख्यतः मंजुरी लागणाऱ्याला. दहावीचे सर्टिफिकेट हाती आले की सरकारच्या लेखी माणूस शहाणा झाला, त्याने आपले आपण पाहावे. परिचारिकांकडून एजंट अवाच्या सवा पैसे उकळतात हे उघड झाल्यावर 2015 मध्ये त्यांच्यासाठी त्या 18 देशांपुरता अपवाद केला, भरती सरकारी संस्थांमार्फतच करायची. म्हणजे शिकलेला माणूसही फसतो हे सरकारला कळले होते. एका पेशापुरते.

शिकलेल्याचे फसणे दिसत नाही, एवढाच फरक. मजुराचा पगार बुडाला तर तो वकिलातीच्या दारात बसतो. इंजिनिअरला दोन वर्षे त्याच्या कामाची नोकरी मिळाली नाही तर तो गोदामात खोकी उचलतो आणि गावी फोनवर ‘सगळं मस्त’ म्हणतो. आई ते बोळातल्या चार जणींना सांगते. मग त्यांतल्या एकीचा मुलगा कर्ज काढून निघतो.

कॅनडाने हे आपल्या आधी ओळखले, कारण ते त्यांच्या दारात घडत होते. 1967 मध्ये त्यांनी गुणांची पद्धत आणली: शिक्षण, भाषा, वय, अनुभव यांना गुण, आणि बेरीज भरली की या. माणसे आली. पण तिथे इंजिनिअरचा परवाना प्रत्येक प्रांताची वेगळी संस्था देते, डॉक्टरचा तसाच, नर्सचा तसाच. ज्या पदवीला गुण मिळाले त्याच पदवीवर काम करायला मनाई, असा तो तिढा. टोरांटोच्या टॅक्सीत स्टिअरिंगमागे बसलेल्या डॉक्टरचा विनोद तिथून आला, आणि तो विनोद नव्हता. शेवटी 2007 च्या सुमारास त्यांनी व्हिसा मिळालेल्यांसाठी भारत, चीन आणि फिलिपिन्समध्ये निघण्यापूर्वीचे मार्गदर्शन सुरू केले. तुमच्या पेशाचा परवाना कोण देते, कागद इथूनच कसे पाठवता येतील, पोचाल त्या शहरात कोणाला भेटायचे. फिलिपिन्सने तर 1983 पासूनच निघणाऱ्या प्रत्येक कामगाराला असा वर्ग सक्तीचा केला आहे. आपल्या देशात केरळने 1996 मध्ये परदेशस्थांसाठी वेगळे खाते उघडले. त्याचे नाव नोर्का, आणि हा शब्द तिथल्या खेड्यातल्या नर्सिंगच्या मुलीलाही पाठ असतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलीला पाठ असेल असा शब्द आमच्याकडे कोणता? ‘एजंट’.

इथे कोणी म्हणेल की मराठी माणसाने आपापली सोय केलीच ना. केली. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 मध्ये उभे राहिले. अमेरिकेने 1965 मध्ये कायदा बदलून दार उघडले, त्यानंतर गावोगावी मंडळे झाली, 1981 मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. त्यांचे ऋण मोठे आहे. नवीन आलेल्याला विमानतळावरून आणणे, पहिले चार दिवस वरण-भात घालणे, बँकेत नेऊन खाते उघडून देणे ही खरी सेवा. पण ती पोचल्यानंतरची. शिवाय मंडळाचा माणूस ओळखीचा असावा लागतो, आणि ओळखी पुणे-मुंबईकडे जास्त, घाटाखाली आणि वऱ्हाडात कमी. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे. कोणाची चिठ्ठी नसताना अमेरिकेत शेती शिकले, तिथून मेक्सिकोत जाऊन चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर काम केले, डिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले. असा माणूस शंभर वर्षांत एखादा. त्याच्यावरून जिल्ह्याची योजना आखता येत नाही.

आणि चिठ्ठी असूनही भागत नाही, हे डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत दिसले. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, बदल्यात परतल्यावर बडोद्यात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. 1917 मध्ये ते कोलंबियाचे शिक्षण घेऊन करार पाळायला बडोद्याला गेले, तर शहरात राहायला खोली मिळेना. पारशी खाणावळीत नाव बदलून उतरले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या टोळक्याने बाहेर काढले. संस्थानच्या कचेरीत नोकरी होती, संस्थानच्या राजधानीत डोके टेकायला जागा नव्हती. या आठवणी त्यांनी पुढे लिहून ठेवल्या, त्यांचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. व्हिसा न्यूयॉर्कचा नव्हे, आपल्याच माणसांतला. परतणाऱ्याचीही तयारी कोणीतरी करायला हवी, हे आजच्या कुठल्याच सरकारी पुस्तिकेत नाही.

आता जवळचे पाहू. मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका परिचारिकेची फाइल माझ्या टेबलावर होती. जर्मनीला जायचे म्हणून तिने कागद जमवले होते, आणि कोणीतरी वाचून पाहावे म्हणून आणले होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचे नाव, मग वडिलांचे. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर तिचे नाव आधी. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. शाळेच्या टीसीवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘डब्ल्यू’, पदविकेवर ‘व्ही’. आपल्याला यात काही खटकत नाही, आपण वाचतानाच जोडून घेतो. श्टुटगार्टच्या कारकुनासमोर मात्र त्या चार वेगवेगळ्या बायका आहेत. राजपत्रात नावबदल छापून घेणे, विवाह प्रमाणपत्र, मग शिक्षणाच्या कागदांवर राज्य सरकारची पडताळणी, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, मग शपथबद्ध भाषांतर. हा क्रम उलटा केला की पैसे वाया. तिने भाषांतर आधी करून घेतले होते.

फाइलच्या तळाशी बायोडेटा होता. फोटो, जन्मतारीख, जात, धर्म, उंची, छंद वाचन व स्वयंपाक. आपल्याकडे नोकरीचा आणि लग्नाचा बायोडेटा सख्खी भावंडे आहेत, त्यामुळे हसू नये. कॅनडात यातले एकही चालत नाही. जर्मनीत फोटो अजून चालतो, जात नाही. कामाविषयी मात्र एकच ओळ होती: ‘आयसीयूमध्ये 3 वर्षे’. व्हेंटिलेटरवरचे किती रुग्ण एका पाळीत सांभाळलेस, असे विचारले तेव्हा ती दहा मिनिटे थांबली नाही. ते सगळे कागदावर यायला हवे होते. तिला ते लिहायचे असते हेच कोणी सांगितले नव्हते.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, स्वयंपाकी; पहिल्या टप्प्यात 10,000 माणसे असे जाहीर झाले. जर्मनीची गरज खोटी नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी भारतीयांसाठी कुशल कामगारांचे वार्षिक व्हिसे 20,000 वरून 90,000 पर्यंत नेण्याची घोषणा केली. तेव्हा करार योग्यच होता. पण आकडा आधी आणि वर्ग नंतर, ही आपली जुनी खोड. जर्मनची बी-वन पातळी गाठायला 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात, असे खुद्द गोएथे इन्स्टिट्यूट सांगते. परिचारिकेला पूर्ण मान्यतेसाठी बहुधा त्याच्या पुढची बी-टू लागते. ती संस्था पुण्यात आहे, मुंबईत आहे. मेहकरहून पुण्यात राहून आठ-दहा महिने भाषा शिकणे म्हणजे खोलीभाडे, खाणावळ आणि बुडालेला पगार. सोयाबीनला भाव न मिळालेल्या वर्षी ते कोणते घर सोसणार? करारावर सह्या मुंबईत होतात, पण त्याची किंमत शेवटी गावातले घर मोजते.

म्हणून निघण्यापूर्वीच्या तयारीचे हे काम तालुक्यातच व्हायला हवे, आणि मला त्यासाठी हिवरा आश्रमासारखी जागा सुचते. तिथे शाळा आहेत, कृषी महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे, बाहेरगावच्या मुलांना राहण्याची सवय असलेला परिसर आहे. लाखांची पंगत बिनबोभाट उठवणाऱ्या स्वयंसेवकांची व्यवस्था आहे, जी मंत्रालयाकडे नाही. जिल्ह्यातून आधीच गेलेल्या नर्सेस, कृषी पदवीधर, फिटर यांच्याशी महिन्यातून एकदा पडद्यावर गाठ घालून द्यावी. भाषेचे शिक्षक शासनाने पगार देऊन आणावेत. धुरणाऱ्या शेगडीबद्दल, पहिल्या पगारातून कापल्या जाणाऱ्या करांबद्दल, घरभाड्याच्या अनामतीबद्दल आणि नोकरी गेली तर व्हिसाचे काय होते त्याबद्दल, जाऊन आलेल्याने बोलावे. ज्याला हे ऐकून जावेसे वाटणार नाही, त्याचेही कर्ज वाचेल.

शासन जेव्हा करील तेव्हा करो. तोवर पुढच्या पौषातल्या उत्सवात, पुस्तकांच्या दुकानांशेजारी, एक टेबल मांडा एवढीच आश्रमाच्या विश्वस्तांना आणि कॉलेजांच्या प्राचार्यांना विनंती आहे. दोन खुर्च्या, एक झेरॉक्स मशीन आणि इंग्रजी नीट येणारे दोन शिक्षक. पाटीवर लिहा: पासपोर्टवरचे आणि मार्कशीटवरचे नाव जुळते का, इथे तपासून मिळेल. मी तीनही दिवस बसायला तयार आहे.